सुयांच्या डब्याची पूजा

लग्नकार्यात कुणी माझ्या नोकरीबद्दल विचारलं, की मी "नर्स होते" एवढंच सांगते आणि वाढप्याकडे वळते. पूर्ण सांगायला गेलं तर समोरच्याची जिलबी पानातच राहते. नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इंजेक्शन देणारी बाई येते. मी नोकरीच्या शेवटच्या बऱ्याच वर्षांत एकही इंजेक्शन दिलं नाही. इतरांनी दिलेल्या इंजेक्शनांच्या सुया नंतर कुठे जातात, ते बघणं हे माझं काम होतं. हुद्दा भारदस्त होता, इन्फेक्शन कंट्रोल नर्स. वॉर्डातल्या पोरी पाठीमागे मला 'सीआयडी' म्हणत, आणि ते नाव जास्त खरं होतं.

आमचं घर हैदराबादेतल्या गौलीगुड्याचं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील मास्तर, काका वकील. अशा घरातल्या मुलीनं नर्सिंगला जावं हे कुणालाच रुचलं नव्हतं. आई म्हणायची, "लोकांचं उष्टंखरकटं काढायला शिकवलं का गं तुला?" पुढे मी खरोखरच रुग्णालयाचं उष्टंखरकटं बघायला लागले तेव्हा ती हयात नव्हती, हे एका परीनं बरंच झालं. रुग्णालय खासगी, नामपल्ली स्टेशनापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. जे झालं ते कुठल्याही रुग्णालयात होऊ शकलं असतं, आणि होतं.

बाहेरच्या माणसाला माझं काम समजावून सांगायचं तर सुईपासून सुरुवात करावी लागते. रुग्णाच्या अंगातून बाहेर आलेली सुई रिकामी दिसते, पण तिच्या पोकळीत रक्ताचा अंश उरलेला असतो. ते रक्त कुणाचं, त्याला कावीळ होती की एचआयव्ही, हे सुईवर लिहिलेलं नसतं. ती दुसऱ्याला टोचली तर दरवेळी काही होतंच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. पण 'बहुतेक' या शब्दावर झोप लागत नाही, आणि टोचलेल्या माणसाला तर नाहीच. म्हणून वापरलेली सुई तिथल्या तिथे एका जाड, पांढऱ्या डब्यात टाकायची. त्याचं तोंड असं असतं की वस्तू आत जाते, बाहेर येत नाही. तीन चतुर्थांश भरला की झाकण दाबून कायमचं बंद करायचं. मग तो डबा कुणी उघडायचा नाही. रुग्णालयांच्या कचऱ्याची गाडी येते आणि तसाच घेऊन जाते.

दुसरा नियम लोकांना विचित्र वाटतो. सुईला टोपण परत लावायचं नाही. आपण सगळे लहानपणापासून पेनाचं टोपण लाव, बाटलीचं झाकण लाव, हेच ऐकत आलेलो. सुई टोचते ती पुष्कळदा टोपण परत लावताना. नव्या पोरींची तुकडी आली की त्यातली सगळ्यात टापटिपीची कोण, हे मी पहिल्या दिवशी हेरून ठेवायची. तिलाच आधी टोचणार, हे मी ठासून सांगायची आणि सहसा चुकायची नाही. गबाळ्या पोरी टोपणाच्या भानगडीत पडत नसत.

सुया मला कुठे कुठे सापडल्या ते लिहायला बसले तर अंक पुरायचा नाही. ऍप्रनच्या खिशात, धुलाईला गेलेल्या चादरीत, एकदा तर नाश्त्याच्या ट्रेमध्ये उपम्याच्या वाटीशेजारी. एक शिकाऊ डॉक्टर वापरलेली सुई दोन मिनिटांसाठी रुग्णाच्या गादीच्या कडेला खोचून ठेवायचा. मी त्याला धरलं आणि हे कुठे शिकलास म्हणून विचारलं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "घर में अम्मा शिलाई की सुई ऐसेच रखते, मॅडम." मला रागवायचं होतं, ते राहून गेलं. माणसं अंगावर ऍप्रन चढवतात, पण त्याच्या आत घरचीच माणसं असतात. पुस्तकातला नियम त्यांच्या डोक्यात जातो, हात मात्र घरच्या वळणानं चालतो. हे एकदा कळल्यावर माझी शिकवायची पद्धत बदलली.

त्याचा फायदा मला रावसरांच्या बाबतीत झाला. रावसर आमचे सगळ्यात मोठे सर्जन. ऑपरेशन करताना जखमेवरची नजर न हलवता ते हात पसरायचे आणि सिस्टरनं तळहातावर बरोबर हवी ती वस्तू ठेवायची. बघायला फार देखणं दिसायचं. पण ब्लेड आणि टाक्याची सुई अशी हातातून हातात देताना कधी देणारीला लागते, कधी घेणाऱ्याला. म्हणून मी सुचवलं, मध्ये एक ट्रे ठेवू. एकानं त्यात ठेवायचं, दुसऱ्यानं त्यातून उचलायचं. रावसर म्हणाले, "मेरा हात ट्रे नै ढूँडता, सिस्टर. हात आगे करा, चीज आ गई. इत्ते साल से वैसाच चल रा." मी त्यांना लेख दाखवले, आकडे दाखवले. त्यांनी ते आदरानं बाजूला ठेवले.

मग एकदा दुपारी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही जेवत होतो. माझ्या भाजीत मीठ कमी होतं. मी मागितलं तेव्हा रावसरांनी मिठाची डबी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि बोटानं पुढे ढकलली. मी विचारलं, असं का? ते तेलुगूत म्हणाले, "उप्पु चेतिकि इय्योद्दु." मीठ हातात द्यायचं नसतं, भांडण होतं, असं त्यांची आजी सांगायची. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच. मीठ, मिरची, कात्री, सुरी, काही हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं. आणि मग विचारलं, "सर, नमक से झगडा होता, तो ब्लेड से क्या होता?"

त्यांनी जेवण संपवलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या थिएटरात ट्रे आला. शिकाऊ डॉक्टरांना ते सांगायला लागले की हा त्यांच्या आजीचा नियम आहे. सगळं श्रेय आजीला गेलं. मी तक्रार केली नाही, कारण त्या थिएटरातल्या सिस्टरांची बोटं शाबूत राहायला लागली आणि मला तेवढंच हवं होतं.

घरची रीत अशी कामाला आल्यामुळे मी जरा हवेत होते. त्यानंतरच्या दसऱ्यानं मला जमिनीवर आणलं.

आपली खंडेनवमी ती हैदराबादेत आयुधपूजा. इथल्या रुग्णालयांतही ती जोरात होते. ॲम्ब्युलन्सच्या चाकांखाली लिंबं, फाटकाशी कोहळा फोडायचा, एक्स-रेच्या मशीनला कुंकवाची बोटं. थिएटरातली खरी हत्यारं निर्जंतुक असतात, त्यांना हळद लावून चालत नाही. म्हणून पूजेपुरती एक जुनी कात्री आणि दोन चिमटे वेगळे काढून ठेवलेले होते, वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्यांना काही काम नसे. सिस्टर लोक बीपीच्या मशीनवर फूल ठेवत. या दिवशी मी सगळ्या वॉर्डांतून फिरायची, प्रसाद खायची आणि कुणी उदबत्ती ऑक्सिजनजवळ लावली नाही ना, तेवढं बघायची.

दुसऱ्या मजल्यावर पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात गेले. तिथे भिंतीला लावलेल्या सुयांच्या डब्याला झेंडूची माळ होती आणि हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. आधी मला हसू आलं. मग जवळ गेले आणि त्याच्या तोंडातून आत डोकावले. डबा स्वच्छ होता. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. सुयांचा डबा आतून कधीच स्वच्छ नसतो, नसायलाच हवा.

"ये डब्बा कौन धोया?"

"मैंच धोई, मॅडम," म्हणत नरसम्मा पुढे आली. ही त्या वॉर्डाची सफाईची बाई. पालमूरकडची, पन्नाशीला आलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, कामाला वाघीण. ती रुग्णालयाची नोकर नव्हती, कंत्राटदाराची होती, पण तिथे इतकी वर्षं होती की नव्या सिस्टरांना संडास कुठे आहे तेही तीच दाखवायची. सणाचं नवं पोलकं घालून ती माझ्यासमोर उभी होती, शाबासकीची वाट बघत.

"अंदर की सुयाँ किधर गईं?"

"ढक्कन उखाड के टब में निकाली, डब्बा धोई, फिर वापस डाल दी. गंदे डब्बे कू कुंकुम कैसा लगाते, मॅडम?"

"हात से डाली?"

"नै नै. टब उल्टा करी. दो-तीन नीचे चिपक गए थे, वो हात से निकाली." आणि मी पुढचं विचारायच्या आधी तिनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. "एक लगी इधर. जराशी. आप बोले थे ना, लगी तो बोलना." बोटाला तिनं पूजेतलीच हळद लावली होती.

पूजेच्या आधी आयुध धुवायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. सिस्टरांनी आपलं मशीन पुसलं, ड्रायव्हरनं गाडी धुतली. मी तिला पुढे विचारलं की डबाच का, तर ती म्हणाली, "हमारा और क्या है, मॅडम? पोछा, बकेट, और ये डब्बा." डबा उघडायचा नाही हे तिला माहीत होतं. पण तो नियम रोजचा होता आणि हा दिवस सणाचा होता. एका दिवसापुरता रोजचा नियम बाजूला ठेवायचा, ही आपल्या घराघरांतली पद्धत आहे. त्यामुळे तिच्यावर रागवायला मला नीटशी जागा सापडेना.

मी तिला नळाखाली नेलं. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच करायचं असतं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हळद तर नाहीच. एखाद्या ठरावीक रुग्णाची सुई टोचली तर त्याचं रक्त तपासता येतं. डब्यात मात्र सगळ्या वॉर्डाच्या सुया. त्या आठवड्यात तिथे कोण कोण रुग्ण होते ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळे मी फार बोलत नव्हते. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या असतात. त्या जितक्या लवकर सुरू कराव्या तितकं बरं. तीन दिवस उलटून गेले की त्यांचा उपयोग उरत नाही. नरसम्माच्या पोटात पहिली गोळी प्रसादाच्या आधी गेली. काविळीची लस तिला दिलेलीच नव्हती. रुग्णालयाच्या नोकरांना लस होती. कंत्राटी बायकांची लस कंत्राटदारानं द्यायची की रुग्णालयानं, यावर कागद इकडून तिकडे फिरत होते आणि सुया काही त्या कागदांसाठी थांबल्या नव्हत्या. लस, आणि ती लागू पडेपर्यंत सांभाळणारं दुसरं इंजेक्शन, तिला त्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनं दिलं.

गोळ्या महिनाभर घ्यायच्या असतात. त्यांनी मळमळतं, चक्कर येते. नरसम्मा अधूनमधून दांडी मारायला लागली. महिना पुरा व्हायच्या आत कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं तिला दुसऱ्या जागी पाठवतो असं सांगितलं. ती दुसरी जागा कुठेच नव्हती. मी त्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, डब्बा नै खोलना, ये नियम तो आपकाच है." तो खोटं बोलत नव्हता. मनुष्यबळ विभागात गेले तर त्यांनी हा कंत्राटदाराचा अंतर्गत मामला आहे असं सांगितलं. मी तिथे बराच आवाज चढवला. त्याचा उपयोग झाला नाही.

नरसम्माला गौलीगुड्याच्या बस स्टँडमागे एका खाणावळीत भांडी घासायचं काम मिळालं. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ते माझ्या दृष्टीनं सोयीचं झालं, कारण तिच्या रक्ताच्या तपासण्या सहा महिन्यांपर्यंत व्हायच्या होत्या आणि आठवण मलाच करायची होती. गोळ्या तिनं पुऱ्या केल्या. पहिल्या दोन तपासण्या चांगल्या आल्या. तरी ती मोकळी होईना. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि ही बाई नातवाला हात लावत नव्हती. स्वतःचं ताट, पेला वेगळा ठेवला होता. लेकीला तिनं खरं कारण सांगितलं नव्हतं, अंगावर खरूज आहे म्हणून सांगितलं होतं.

"छूने से नै होता, नरसम्मा," मी तिला कितीदा तरी सांगितलं.

"मालूम है, मॅडम. आपैच बोलते. पर आप ग्लोज पेन केच मेरा खून निकालते ना?"

मी तिला हातमोज्यांचं कारण समजावलं. कुणाचंही रक्त काढताना मोजे घालतातच, तुझं म्हणून नाही, राजाचं असलं तरी घालतात. ती मान हलवत राहिली. लहान मुलाची समजूत काढताना आपण हलवतो तशी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझं सगळं शिक्षण त्या खाणावळीच्या मोरीपाशी संपल्यासारखं झालं.

इकडे रुग्णालयात एक नवीनच गोष्ट घडत होती. पूर्वी सफाईच्या बायका माझ्याकडे अधूनमधून यायच्या. दारातून डोकं आत घालून "मॅडम, लगी" म्हणायच्या. नरसम्मा गेल्यापासून एकही आली नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, चांगलं आहे. दुसऱ्या महिन्यात शंका आली. तिसऱ्या महिन्यात खात्री पटली.

अनिकेतला मात्र आनंद झाला होता. हा आमच्या क्वालिटी विभागाचा प्रमुख, पुण्याचा, राहायला कुकटपल्लीला. हुशार, सालस, आणि मराठी असं बोलायचा की मधून मधून ती ऐकू यायची. एरवी मला काकू म्हणायचा, मीटिंगमध्ये मॅडम. त्यानं लॅपटॉप फिरवून मला आलेख दाखवला. "काकू, हे बघा. हाउसकीपिंगच्या इंज्युरीज कन्टिन्यूअसली झीरो आहेत. इन्स्पेक्शनला फर्स्ट स्लाइड हीच ठेवतोय. क्रेडिट तुमच्या ट्रेनिंगला."

"सिस्टरांच्या किती आहेत?"

"त्या आहेत तेवढ्याच. त्यात काही ड्रॉप नाही."

"मग अनिकेत, सिस्टरच्या हातून पडलेली सुई उचलतं कोण?"

त्यानं परत आलेखाकडे बघितलं. मग म्हणाला, "काकू, डेटा तर हेच सांगतोय ना." मी म्हटलं, डेटा तेवढंच सांगतो जेवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यानं स्लाइड काढली नाही, पण शेवटाला सरकवली. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं, साहेबांना झीरो फार आवडतो.

रुग्णालयाच्या इन्स्पेक्शनच्या आधी संसर्ग नियंत्रण समितीची बैठक झाली. रावसर अध्यक्ष. वैद्यकीय संचालक होते, अनिकेत होता, कंत्राटदाराचा मॅनेजर होता. स्लाइड आली. मॅनेजर म्हणाला, हा मॅडमच्या ट्रेनिंगचा परिणाम. मी उभी राहिले आणि म्हणाले, ट्रेनिंग माझं आहे, त्याचा परिणाम किती होतो ते मला चांगलं माहीत आहे. इतका होत नाही. या बायकांना सुया टोचतायत, त्या फक्त सांगत नाहीत. शेवटची जिनं सांगितलं ती नरसम्मा, आणि ती आता कुठे आहे ते प्रत्येकीला माहीत आहे. तिला परत आणा. त्याच वॉर्डात, सगळ्यांना दिसेल अशी. तोवर हा शून्य माझ्या नावावर घालू नका.

संचालक म्हणाले, पण तिनं डबा उघडला होता, ती गंभीर चूक होती. मॅनेजरनं मान हलवली. मी म्हटलं, चूक होतीच. पण चूक करून गप्प बसली असती तर आज ती नोकरीत असती. 

रावसर एवढा वेळ चष्मा पुसत होते. तो न लावताच ते म्हणाले, "मेरेकू भी लगी है. भौत बार. ये सिस्टरकू एक बार भी बोला नै मैं." मग चष्मा लावला आणि मॅनेजरकडे बघितलं. "मेरेकू तो किसीने नै निकाला."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सर्जन बोलला की रुग्णालयात भिंतीही ऐकतात. मी तीन महिने जे ओरडत होते ते त्या बैठकीत चहा यायच्या आत मंजूर झालं. कंत्राटी बायकांना लस रुग्णालय देणार. सुई टोचल्याचं सांगणाऱ्या माणसाला समितीला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. आणि नरसम्मा परत. मंजूर झालेलं अमलात यायला मात्र उन्हाळा लागला, हेही सांगायला हवं.

मध्यंतरी तिची शेवटची तपासणी झाली. निकाल सांगायला मी खाणावळीत गेले. ती मोरीपाशी बसली होती. मी म्हटलं, काही नाही निघालं, सगळं साफ आहे. तिनं हात पुसले आणि म्हणाली, परत सांगा. परत सांगितलं. मग म्हणाली, तेलुगूत सांगा. माझं तेलुगू बेताचं, तरी सांगितलं. तिनं मालकाला न विचारता तशीच चप्पल घातली आणि घरी निघून गेली. त्या संध्याकाळी तिच्या लेकीचा फोन आला. आईला काय झालंय, बाळाला खालीच ठेवत नाही, असं ती विचारत होती. मी म्हटलं, खरूज बरी झाली.

नरसम्मा वॉर्डात परत आली त्या दिवशी काही झालं नाही. कुणी हार घातले नाहीत, तशी तिची अपेक्षाही नव्हती. तिनं बादली उचलली आणि फरशी पुसायला घेतली. आठवडाभर बाकीच्या बायका तिच्याकडे दुरून बघत होत्या. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर एकीनं माझ्या दारातून डोकं आत घातलं. दोन दिवसांनी दुसरीनं. त्यांना लस मिळाली, गोळ्या लागत होत्या त्यांना गोळ्या मिळाल्या. अनिकेतचा आलेख वर चढायला लागला आणि त्याचा चेहरा उतरायला लागला. "काकू, ट्रेंड खराब होतोय," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, होऊ दे. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा सुंदर आलेख मी पाहिला नव्हता. हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या इन्स्पेक्शनला त्यानं तो लपवला नाही.

नरसम्मानं एकीला स्वतः हाताला धरून माझ्याकडे आणलं. यादम्मा तिचं नाव, धुलाईच्या चादरी गोळा करायची. चादरीत गुंडाळलेली सुई तिच्या तळहातात गेली होती. कधी, म्हणून विचारलं तर म्हणाली, संक्रांतीला. तिला नवरा नव्हता, तीन मुलं शाळेत होती, आणि नरसम्माचं काय झालं ते तिनं बघितलं होतं. म्हणून ती गप्प बसली. आता मे महिना सुरू होता.

मी तिचं रक्त घेतलं. त्यात काय निघालं ते तिचं आहे, ते मी लिहिणार नाही. कापसाचा बोळा दाबून धरत तिनं मला विचारलं, "अब बोले तो भी चलता ना, मॅडम?"

मी "चलता" म्हणाले. गोळ्यांचे तीन दिवस केव्हाच उलटून गेले होते, हे तिला माहीत नव्हतं. ते सांगायला मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.